मानाचा वाटा

प्रिय तेलेसिया,

डुकराच्या पाठीचा तुकडा तुझ्या बाबांनी तोंडात घातला होता आणि ताविताच्या घरातली चाळीस माणसं मांडीवर हात ठेवून वाट पाहत होती. मानाचा वाटा मताईचा, घराण्याच्या प्रमुखाचा. त्याचा घास उतरल्याशिवाय कोणी पानाला हात लावत नाही. बाबा चावत राहिले. मी मागे बायकांच्या रांगेत माश्या वारत बसले होते. तिथून त्यांचे फक्त कान आणि जबड्याची कड दिसत होती. जबडा थांबला. मान पुढे गेली, खांदे वर आले, आणि घास बाहेर पडला. पानावर, सगळ्यांदेखत. त्यामागून नारळाचं दूध आलं, फेस आला. बाबा उठले आणि बाहेर गेले.

ही कालची, शनिवारची गोष्ट. ओढ्याकाठच्या नीरफणसाच्या झाडांवरून ताविताच्या घराशी आपलं तीन वर्षं बोलणं नव्हतं. पाद्रीबाबांनी महिनाभर खेपा घालून हे जेवण जमवलं होतं. जेवण झालं की भांडण मिटलं, असं ठरलं होतं. मी उठले तेव्हा ताविता बायकोला म्हणत होता, "थुंकला. माझ्या अन्नावर थुंकला." ती म्हणाली, "मीठ जास्त झालं असेल हो." "मीठ कसलं? मन साफ नाही त्याचं." मी तिथल्या तिथे खरं सांगू शकले असते. सांगितलं नाही. बाबांनी मला बायबलवर हात ठेवायला लावला आहे.

तुझ्याकडे ऑकलंडला ऑपरेशन करून परत आल्यावर सहा आठवडे बरे गेले. धक्क्यावर उतरल्या उतरल्या त्यांनी उकडलेली केळी मागून घेतली आणि उभ्याउभ्या चार खाल्ली. मी रडले, तर म्हणाले, "केळी संपली म्हणून रडतेस का?" मग जळजळ सुरू झाली. अन्ननळीच्या टोकाचा स्नायू कापल्यावर आंबट वर येऊ शकतं, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, तूही सांगितलं होतंस. तू पाठवतेस त्या गोळ्या ते रोज घेतात, एकही चुकवत नाहीत. तरी छातीच्या हाडामागे निखारा असतो. आडवं झालं की तो घशात येतो. डिसेंबरपासून ते घराच्या खांबाला पाठ टेकून बसूनच झोपतात. खांबाला त्यांच्या डोक्याचा तेलकट डाग पडला आहे.

जानेवारीत घास पुन्हा अडकू लागला. आधी मांस, मग तारोचा कंद, मग चहात बुडवलेला पाव. आता माशाचं पातळ पाणी, तेही उभं राहून, दोन्ही हात वर करून. तुझ्या आत्याने एकदा पाहिलं. "अरे, ऑकलंडला जाऊन गिळायचं विसरून आलास काय? लहानपणी माझ्या पानातलं पळवायचास!" बाबा म्हणाले, "तेव्हाचं अजून पचतंय." आत्या हसत घरी गेली. बाबा मागच्या दारी जाऊन ओकले.

रविवारी देवळानंतरच्या जेवणात ते घास चावतात आणि रुमालात घेतात. रुमाल मी धुते. पहिल्यांदा पोरं आनंदली, मताई लवकर उठतात म्हणून आपल्याला लवकर मिळतं. मग गावात बोलणं सुरू झालं. परदेशात जाऊन आला, आता आपलं अन्न गोड लागत नाही. लोक अधिक चांगलं आणू लागले. अधिक चरबीचे, अधिक मोठे तुकडे. एकीने तर कोंबडीऐवजी अख्खं डुक्कर मारलं. नाही म्हणणं म्हणजे तिचा अपमान. म्हणून ते चावतात.

लावालावा आता त्यांच्या कमरेला दोनदा गुंडाळून वर खोचावा लागतो. देवळात उभे राहिले की पुढच्या बाकाची पाठ धरतात. परवा मी त्यांची पाठ चोळत होते. हाताला बरगड्या एकेक लागत गेल्या, आणि मी मोजायच्या नाहीत म्हणून मोठ्याने स्तोत्र म्हणू लागले. ते म्हणाले, "सूर चुकतोय." मी म्हटलं, "माहीत आहे."

काल रात्री मी त्यांना म्हटलं, तेलेसियाला कळवू या, नळी पुन्हा आवळली तर फुगवून रुंद करतात, असं तिनेच तेव्हा सांगितलं होतं. त्यांनी खांबाला पाठ टेकली. मग म्हणाले, "पोरीने दोन वर्षं सुट्टी घेतली नाही. डॉक्टरांच्या दारात बसून बसून माझा नंबर लावला. तिला वाटतंय मी बरा झालो. गावात कळलं तर तिलाही कळेल. एवढं तरी तिचं राहू दे." दर रविवारी फोनवर ते तुला सांगतात ना, आज हे खाल्लं, ते खाल्लं? ती यादी मी रचून देते. मला स्वयंपाक येतो, म्हणून खरी वाटते. तेलेसिया, तुझ्या कष्टांवर पाणी पडलं असं तुला वाटू नये, म्हणून हा माणूस उपाशी राहतो आहे. आता तुला कळलं. म्हणजे त्यांना उपाशी राहायला कारण उरलं नाही. एवढ्यासाठीच मी शपथ मोडली. रडायचं असेल तर आधी रडून घे, मग त्यांना फोन कर.

तुझीच,
आई

सोमवार, सकाळी. उजाडताना ताविता, त्याची बायको आणि तीन मुलगे आपल्या दारासमोर गवतात येऊन बसले, अंगावर घराण्याची उंची चटई पांघरून, माफी मागायला. आपलं काय चुकलं ते त्यांना ठाऊक नव्हतं, तरी आले. बाबा खांब धरून उठले आणि बाहेर गेले. माफ केलं हे दाखवायला चटई बाबांनी उचलायची, पण ती त्यांना पेलेना. तेव्हा आतून ताविताने आपल्या डोक्याने ती वर उचलून धरली. बाबा म्हणाले, "अन्न चांगलं होतं रे. मला गिळता येत नाही." पाद्रीबाबा नऊच्या बोटीने जात आहेत, पत्र त्यांच्याबरोबर देते.