आमचा संकल्प आणि विद्यापीठाची बॅटरी

शिरड शहापूर,
श्रावण वद्य पंचमी

चि. सौ. नीलांबरी हिस राधाकृष्णकाकांचे अनेक आशीर्वाद. नागनाथाच्या कृपेने येथे सर्व कुशल आहे (गुडघे वगळून, त्यांनी नागनाथालाही दाद दिलेली नाही). जावईबापूंचा खोकला थांबला नसल्यास ज्येष्ठमध द्यावा.

तुझ्या विद्यापीठाच्या सांस्कृतिक वारशाच्या प्रकल्पासाठी तू पाठवलेली विद्यार्थिनी मिना परवा येऊन गेली. तुझ्या पणजोबांनी रचलेली ग्रामदेवतेची पोथी (प्रत एकच, आणि पाठ येणारा मी एकटाच) माझ्या आवाजात जतन व्हावी, म्हणून मी पहाटेपासून सोवळे नेसून देवळात बसलो होतो. परंतु पाठ म्हणजे बाजारातली आरोळी नव्हे. संकल्पावाचून तो आरंभता येत नाही, आणि संकल्पात देशकालाचा उच्चार यथासांग व्हावा लागतो. मी जंबुद्वीपातून निघालो आणि गोदावरीच्या उत्तर तीरी पोहोचतो न पोहोचतो, तोच मुलीच्या यंत्राची बॅटरी संपली. (वाटेत गुरुपरंपरेस नमन आणि दोन शब्दांवर अल्पसे निरूपण झाले, हे मान्य आहे.)

आपल्या गल्लीत वीज नव्हती, बंजाऱ्यांच्या तांड्यावर होती. मिना तिकडे गेली आणि भिकाबाईच्या ओट्यावर बसली. भिकाबाईने डाळ निवडता निवडता गाणे धरले. स्नान नाही, संकल्प नाही, गणेशास साधा नमस्कार नाही! तरी तेच टिपून घेत मिना सायंकाळपर्यंत उठली नाही. भिकाबाईच्या आरशांच्या ओढणीचीच चाळीस छायाचित्रे निघाली. माझे एक आहे. त्यात मी अर्धा आणि देवळाचा खांब पूर्ण आहे.

मला मत्सर वाटला, असे मात्र समजू नकोस. षड्रिपूंत मत्सर सहावा. मी अद्याप पाचव्यापर्यंतच जिंकत आलो आहे. दुसऱ्या दिवशी मी तांड्यावर गेलो, ते केवळ तिची प्रकृती विचारण्यास (ती ठणठणीत आहे).

"या महाराज, बसा. ती पोरगी तुमचंच नाव घेऊन राहिली होती," भिकाबाई म्हणाली. मी प्रसन्न झालो. "म्हने, आजोबा अजून नमस्कारच करून राहिले असतील का?"

तरी मिनाला पुन्हा पाठवावे. बॅटऱ्या दोन द्याव्यात. जंबुद्वीप मी आवरते घेईन.

तुझा काका,
राधाकृष्ण

ता. क. : खरी विनंती निराळीच आहे. पोथीचे चौदावे पान वाळवीने खाऊन वीस वर्षे झाली. त्यातील चार ओव्या मला येत नाहीत. तेवढ्या जागी मी घंटा वाजवतो. (हे तुझ्या काकूसही ठाऊक नाही.) भिकाबाई लहानपणी देवळात दूध घेऊन येई आणि पायरीवर बसून माझ्या वडिलांचा पाठ ऐके. त्या चारही ओव्या तिने मिनाला म्हणून दाखवल्या, असे कळते. त्या उतरवून मला पाठव. पाकीट बंद असावे.

पुनश्च : तिलाच का विचारले नाही, असे तू म्हणशील. विचारण्यासाठीच ओटा चढलो होतो. तिनेच आधी विचारले, "महाराज, बराबर त्याच चार ओव्यांला तुमी घंटा काहून वाजवता?" मी म्हणालो, तसा शास्त्राधार आहे. तिने ते तत्काळ फोनवर मिनाला कळवले, आणि तो घंटानाद आता तुमच्या यादीत प्राचीन परंपरा म्हणून नोंदला गेला आहे. ते असत्य आहे. खोडणे हा तुझा धर्म आहे. परंतु सबंध प्रकल्पात माझ्या नावावर तेवढी एकच नोंद आहे, तेव्हा ओव्या पाठव आणि तूर्त खोडू नकोस.