मीटिंगमधला धूर

धरणगाव, शुक्रवार संध्याकाळ

अजून हसूच येतंय. केतकी पुण्याच्या कंपनीचं काम घरून करते. तिला तिकडे परत जावं लागणार का, ते आजच्या मीटिंगमध्ये ठरणार होतं, आणि आजच माझ्या सासऱ्यांनी, आबांनी, शेतात भरीत ठेवलं! लेक बाजेवर लॅपटॉप घेऊन बसली. मागे कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी. धूर इतका, की तिचा साहेब ओरडला, "केतकी, मागे आग लागलीय!"

आबा पडद्यात डोकावले. "आग नही शे भाऊ, भरीत शे! बठ्ठा जन या जेवाले."

सगळ्या ऑफिसलाच जेवायचं आमंत्रण! पलीकडे सगळे खो खो हसले. शेवटी साहेब म्हणाला, "येतो आबा. केतकी, काम तर तिथून छानच होतंय. राहा तिथेच."

मी वांगी सोलत होते. बोट भाजलं, ते आत्ता कळतंय. पोरीने मोठ्या शहरात राहावं, असं मीच म्हणायचे ना? मग एवढं कसलं भरून आलं?

"आई, रडतेस?"

"धुराने गं."

जाळ केव्हाच विझला होता. तरी आबा म्हणाले, "हाव, आज धूर भलता व्हता."