गुंडेलच्या बाजूची काच

ल्युनेबर्ग, सोमवार, दुपारच्या कॉफीनंतर

प्रिय फोल्कमार,

वर्गबंधू, बाकबंधू आणि येत्या शनिवारी बरोबर पन्नास वर्षांचा मेहुणा, अशा तिन्ही नात्यांनी तुला नमस्कार. उजवा गुडघा कसा आहे? डाव्याने त्याची नक्कल करायला सुरुवात केली नसेल, अशी आशा करतो. फ्लेन्सबुर्गला वारा आहे का, हे विचारत नाही (नसेल त्या दिवशी पेपरातच येईल). आम्ही दोघं ठणठणीत आहोत. तुझी बहीण गुंडेल कंबरेच्या नव्या सांध्यावर माझ्यापेक्षा भरभर चालते आणि वळणावर थांबून माझी वाट बघते, तेव्हा ती मला एकोणीस वर्षांची दिसते. असो. आज लिहायचं कारण वारा हेच आहे, पण तुमच्याकडचा नव्हे, आमच्या गाडीतला.

आमची दोन दारांची निळी गाडी तुला ठाऊक आहे. तिच्या दारांच्या काचांना चौकट नाही. काच वर येते आणि छताच्या रबराला गाल लावून नुसती उभी राहते. (आपल्या काळी गाड्या अशा प्रेमळ असत. आता सगळ्याच चिलखत घातल्यासारख्या.) पण प्रेमालाही वय होतं. वसंतापासून गुंडेलच्या बाजूची काच ताशी एकशेतीसच्या पुढे बाहेर ओढली जायला लागली. बाहेरची धावती हवा तिला खेचते, आतली ढकलते, आणि वरच्या कोपऱ्यात बोटभर फट पडते. आधी शिट्टी, मग रडं, दीडशेला तर साक्षात किंकाळी. तू म्हणशील, मग एकशेवीसने चालव की! अरे, पण ओल्केर्सबाईंनी आपल्याला शिकवलेली ती वादळातल्या नावाड्याची कविता आठवते ना? बावीस कडव्यांची? वेगमर्यादेची पाटी संपून जुना काँक्रीटचा पट्टा सुरू झाला की मी ती म्हणतो, आज इतकी वर्षं. दीडशेला चाकांखालच्या सांध्यांचा ठेका आणि कवितेचा ठेका तंतोतंत जुळतो. एकशेवीसला नावाडी ओळीच्या मध्येच पाण्यात पडतो.

पहिला उपाय मी स्वतःच्या डोक्याने केला. कडेने स्पंजाची चिकटपट्टी लावली. एकशेचाळीसला ती सुटली, आत येऊन सापासारखी वळवळली आणि गुंडेलची नवी टोपी घेऊन मागच्या सीटवर जाऊन पडली. गुंडेलने पुढच्या थांब्यापर्यंत एक शब्दही काढला नाही. (काढला असता तरी ऐकू आला नसता.) थांब्यावर उतरून म्हणाली, "एकेहार्ट, शनिवारी आपल्या लग्नाला पन्नास वर्षं होतात. मी समुद्रावर, वार्नेम्युंडेला, रेल्वेने जाते. तू ये मागून, तुझ्या त्या बाईसाहेबांच्या किंकाळ्या ऐकत." फोल्कमार, पन्नास वर्षांपूर्वी आम्ही त्याच समुद्रावर गेलो होतो, ती माझ्या शेजारी बसली होती आणि तिच्या मांडीवर चेरींची पिशवी होती. आता मी त्या रिकाम्या सीटकडे बघत तिथवर जायचं? गॅरेजवाल्याने तर हात झटकले. म्हणाला, "या जातीच्या काचा ओढतातच. आवाज नको असेल तर रेडिओ मोठा लावा." रेडिओ! कवितेच्या अंगावर!

म्हणून काल मी दाराचं आतलं आवरण उतरवलं. सात खुंट्या होत्या, पाच तुटल्या. दाराच्या तळाशी दोन पेच निघाले. ते फिरवले की काचेचा खालचा भाग बाहेर सरतो आणि वरची कड आत झुकते, रबरावर घट्ट टेकते. एवढंच! पण पेच गंजले होते, म्हणून मी रबरी हातोड्याने अगदी हळू, मोजून तीन वेळा ठोकलं. तिसऱ्या ठोक्याला कुंपणापलीकडे शेजारी टिडेमान उगवले. काल रविवार, म्हणजे ठोकाठोक बंदीचा दिवस होता, हे माझ्या ध्यानातच नव्हतं. तीस वर्षं शेजारी आहोत, पण आमचं अजून 'अहो-जाहो'च आहे.

"विबकिंगसाहेब, आज रविवार आहे."

"तीनच ठोके, टिडेमानसाहेब."

"मी मोजले. चौथा सोमवारी सकाळी सातनंतर मारा." मग मान लांब करून दारात डोकावले. "काच ओढते का? पेच फिरवायला हरकत नाही. त्याचा आवाज होत नाही." आणि स्वतःच्या तेलाची कुपी घेऊन आत आले. ठोकायला बंदी, तेलाला नाही; आमच्या गल्लीचा कायदा इतका दयाळू आहे.

माझा पंजा दारात शिरेना. गुंडेलचा शिरला. ती म्हणाली, "आयुष्यभर तू सांगायचं आणि मी हात घालायचा." मी म्हटलं, दोन फेरे. टिडेमान म्हणाले, अर्धा. मी यजमान असल्यामुळे दोन ठरले. मग गुंडेल आत बसली, दार लावून घेतलं, आणि ते पुन्हा उघडेना. काच इतकी आत झुकली होती की छताच्या रबरात रुतून बसली. बटणाने खाली घ्यावी तर मी बॅटरीची तार काढून ठेवलेली, आणि बॅटरीवरचं पुढचं झाकण उघडायची दांडी गुंडेलच्या पायाखाली अडकलेली. माझ्या बाजूने ओढून काढावं तर कंबरेचा नवा सांधा गिअरच्या दांड्यावरून जायला तयार नाही. तेवढ्यात चार वाजले. चारला कॉफी, हे आमच्याकडे भूकंपातही बदलत नाही. मी प्लमचा केक माझ्या बाजूच्या दारातून आत दिला, टिडेमान मागच्या सीटवर गुडघे दुमडून बसले, आणि आम्ही तिघांनी अंगणात उभ्या गाडीत कॉफी घेतली. गुंडेल म्हणाली, "वा! एवढी शांतता तर या गाडीत कधीच नव्हती." आणि फोल्कमार, आम्ही इतके हसलो की टिडेमानांनी रविवारचा आवाज म्हणून स्वतःचीच तक्रार केली असती.

शेवटी दांडी मोकळी झाली, तार जोडली, काच उतरली, गुंडेल सुटली. मग टिडेमानांच्या पद्धतीने काम केलं. अर्धा फेरा, दार बंद, चर्चच्या पत्रकाची पट्टी काच आणि रबर यांच्यामध्ये धरून ओढायची. सहज निघाली तर सैल, अडकून निघाली तर बरोबर. संध्याकाळी, उजेड असतानाच, आम्ही दोघं निघालो. एकशेतीस: काही नाही. एकशेचाळीस: गुंडेलने कानावरचा रुमाल काढला. एकशेपन्नास: फोल्कमार, मला घड्याळाची टिकटिक ऐकू आली! सूर्य बीच जातीच्या झाडांमागे उतरत होता, रस्त्याचे सांधे ठेका देत होते, मी नावाडी सुरू केला. सोळा कडवी म्हटली, आणि मग आमचा फाटा आला म्हणून थांबलो. गुंडेल म्हणाली, "ठीक आहे, शनिवारी मी तुझ्या शेजारी बसेन." माझं आयुष्य पुन्हा जागेवर आलं. तुला ही आनंदाची बातमी द्यावी, एवढ्यासाठीच हा पत्रप्रपंच.

तुझा जुना बाकबंधू,
एकेहार्ट

ता. क. फाटा आला होता हे खरं नाही. फाटा अजून बारा किलोमीटर होता. सतरावं कडवं मला येत नाही. कित्येक वर्षांपासून येत नसावं. गाडी कधीच इतकी गप्प नव्हती, त्यामुळे तिथे मी आवाज चढवून नुसतं गुणगुणायचो आणि विसाव्याला किनाऱ्याला लागायचो. काल त्या शांततेत गुणगुणलो, तर गुंडेलने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तुझ्याकडे आपलं शाळेचं वाचनपुस्तक आहे ना? सतरा ते एकोणीस उतरवून शुक्रवारच्या आत धाड. पाकिटावर 'गुडघ्याबद्दल' असं लिही.

आणखी एक. पुस्तक सापडलं नाही तर निदान एवढं सांग: काच परत केसभर बाहेर काढायला पेच डावीकडे फिरवायचा की उजवीकडे? किंकाळी नको. नुसती तीन कडव्यांपुरती सळसळ.

तिसरं आणि शेवटचं. काही धाडू नकोस. गुंडेल पाकिटासाठी टपालाचं तिकीट द्यायला आली होती आणि केव्हापासून माझ्या खांद्यामागे उभी राहून वाचते आहे. म्हणते, "सतरा ते एकोणीस मी म्हणेन. गेली तीस वर्षं मनातल्या मनात म्हणतेच आहे. तू रस्त्याकडे बघ."