मधला जिना

१२ जुलै

प्रिय ताई,

नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला थांबला का? इकडे सगळे मजेत. लेकीने केस कापून घेतलेत, अगदी मुलगा दिसते. तुला बघवणार नाही.

कॉलेजच्या वर्धापनदिनाला तू आलीस, बरं वाटलं. पण धड बोलणं झालंच नाही. मी पाहुण्यांच्या मागे, आणि तू न जेवताच निघून गेलीस.

खरं तर वरच्या कठड्यापाशी मी तुझीच वाट बघत होते. पदवी मिळाल्याशिवाय मधल्या जिन्यावर पाय ठेवायचा नाही, हा आमच्याकडचा पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज. तो या वर्षी मोडला. प्राध्यापकांच्या सभेत ठराव मीच मांडला. जुने सर फुरंगटून बसले, तरी मी हटले नाही. मनात तू होतीस, ताई. म्हटलं, आता ताई ऐटीत मधून वर येईल.

आणि तू कडेच्या त्या अंधाऱ्या, उभ्या जिन्याकडे वळलीस.

मुली ओरडल्या, "अहो काकू, इकडून या की! आता सगळ्यांना चालतं."

तू हसून म्हणालीस, "माझं एक वर्ष राहिलंय गं पोरींनो."

सगळ्या खिदळल्या. मला हसू आलं नाही.

काल तुझ्या सूनबाईचा फोन आला. "मावशी, आईंनी शेवटच्या वर्षाच्या प्रवेशाची चौकशी केली होती. आता म्हणतात, राहू दे, तो जिना काय, कुणीही चढतं."

आई अंथरुणाला खिळली तेव्हा तू वर्षभरासाठी म्हणून हेच कॉलेज सोडलंस. मी शाळेत होते. माझ्या वेण्या, माझे डबे, मग माझं कॉलेज. तुझं वर्ष मागेच राहिलं आणि आपण दोघी त्यावर कधी बोललो नाही. मला वाटायचं, तू विसरलीस. तू तर तो जिना स्वतःसाठी राखून ठेवला होतास, आणि मी तुला न विचारता तो सगळ्यांना वाटून टाकला.

रिवाज आता परत आणता येणार नाही. मुलांना कोणत्या तोंडाने सांगू? पण प्रवेश महिनाअखेरपर्यंत चालू आहेत. तुझी आधीची वर्षं धरतात, मी विचारलंय. जिन्यासाठी नाही, तर मग कशासाठी ये, हे मला सांगता येत नाही. तरी ये. माझ्यावर रागावून आलीस तरी चालेल.

तुझ्या वर्षावर शिकलेली,
तुझी धाकटी