तेल प्यायलेलं लाकूड

चि. चिमणीस,
आईचे आशीर्वाद.

रविवारी तू फक्त तुझं युकुलेले न्यायला येणार, बसणारही नाहीस, असं बाबा म्हणाले. ते कपाटावरून पडून तडकलं, असं तुला वाटतं. ते पडलं नव्हतं. माझ्या जपाच्या वेळी तू वाजवत होतीस, त्या रागात तू बाहेर गेल्यावर मीच ते आपटलं. मग देवासमोर बसून तुझ्याशी खोटं बोलले. पुढच्याच महिन्यात तू घर सोडलंस.

तेव्हापासून दर शुक्रवारी दिव्यातल्या उरलेल्या तेलाने ते पुसत आले. वाटायचं, लाकूड जपलं जाईल. काल भेगांत गोंद भरून दोरीने आवळलं. सकाळी दोरी सोडली तर गोंदाची सालपटंच हातात आली.

शेजारचे सुतारकाका म्हणाले, "वहिनी, तेल प्यायलेलं लाकूड गोंद धरत नाही. आधी विचारायचंत तरी!"

बाबा म्हणतात, "आता तरी खरं सांगून टाक."

मी भेगांवर मेण घासलंय. लांबून दिसत नाहीत. रविवारी तू विचारलंस तर मी पुन्हा "पडलं" असंच म्हणेन, हे मला आत्ताच ठाऊक आहे. म्हणून हे पत्र माझ्या पोथीत ठेवतेय. तिला तू कधी हात लावत नाहीस.

तुझीच,
आई