जीपचे ओरखडे आणि दोन बादल्या

बाबा, कंधारला ऑफिसच्या जीपच्या बॉनेटवर पडलेले ते ओरखडे तुमच्या हातचे नव्हते. ते मी पाडले. हे लिहायला मला सव्वीस वर्षं लागली, आणि निमित्त झालं बादलीखरेदीचं.

तुम्ही साधे ड्रायव्हर, पण जीप धुताना तुमचा रुबाब साहेबांपेक्षा मोठा. बादल्या दोन. एकीत चांगलं पाणी, दुसरीत फक्त मळलेलं फडकं खंगाळायचं. "वाळू बुडाला बसती. तिला उठवायचं न्हाई," असं सांगत राहायचात. त्या रविवारी तुम्ही बिलोलीला लग्नाला गेलेले, मी कॉलेजच्या सुट्टीत घरी आलेली. शनिवारी तुम्ही धुतलेल्या जीपवर वाऱ्यानं पुन्हा धूळ बसली होती. तुम्हाला खूश करावं म्हणून मी ती धुतली, एकाच बादलीत, फडकं पार बुडापर्यंत घालून. वर पाणी वाचवल्याचा अभिमान! तुम्ही रात्री उशिरा परतलात, सांगायचं राहून गेलं. सोमवारी उन्हात बघते तर बॉनेट म्हणजे घासणीनं घासलेला तवा. साहेब आपल्या क्वार्टरच्या दारात येऊन ओरडले, "वीस वर्षं गाडी धुता, हात विसरला का तुमचा?" तुम्ही खाली मान घालून म्हणालात, "चुकलं साहेब. फडक्यात खडा ऱ्हायला असंल." मी आतून ऐकते आहे, आणि मला अचानक भांडी घासायची फार घाई झाली आहे.

आता लातूरला मी जुनी गाडी घेतली आहे, गडद निळी. म्हणून परवा बादल्या बघायला गेले. दुकानदार म्हणाला, "ताई, आंघोळीची देऊ का धुण्याची?"

"गाडीची."

"गाडीची येगळी न्हाई येत. गाडी काय पाटावर बसून आंघोळ करून राहिली का?"

मी विचार करत बसले. काळी मजबूत, पण तिच्या तळाची वाळू दिसणार नाही. लोखंडी कडीची गाडीला घासली तर? वीस लिटरची माझ्या कमरेला झेपत नाही, आणि आठ दिवसांनी नळ येणाऱ्या गावात ती भरताना शेजाऱ्यांच्या नजराही झेपत नाहीत. तोंड रुंद आहे का बघायला मी प्रत्येक बादलीत कोपरापर्यंत हात घातला. शेजारी घागर घ्यायला आलेली म्हातारी शेवटी म्हणाली, "बाई, बादली घेऊन राहिलीस का जावई बघून राहिलीस? म्या पोरगी दिली तवा बी एवढं ठोकून बघितलं न्हाई."

शेवटी दहा लिटरच्या दोन पांढऱ्या घेतल्या. घरी नवरा म्हणाला, "आपण दोघं एका बादलीत आंघोळ उरकतो, अन् हिला दोन?" त्याचं बरोबरच होतं. मी त्या दिवशी आंघोळ अर्ध्या बादलीत केली आणि उरलेलं गाडीला दिलं. धुऊन झाल्यावर दुसऱ्या बादलीचं पाणी निवळू दिलं. तळाला चिमूटभर वाळू. बराच वेळ तिच्याकडे बघत उकिडवी बसले होते. नवऱ्याला वाटलं, कानातलं पडलं.

हे पत्र वहीतच राहणार. पत्ता असता तर टाकलं असतं का, तेही छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. कारण संधी एकदा आली होती. नांदेडच्या दवाखान्यात, शेवटच्या आठवड्यात, तुम्ही आपणहून म्हणालात, "जीपला वरखाडे पडले तवाच वळखलं. माझा हात गेला." खोलीत आपण दोघंच होतो. मी मोसंबी सोलत होते. मान वर न करता म्हणाले, "वय झालं की होतं असं, बाबा."

ओरखडे पडले तेव्हा तुम्ही, आज मी आहे त्याहून दोन वर्षांनी लहान होतात.