लाडू खायला येणारा डॉक्टर

२३ सप्टेंबर, मंगळवार

खडखड, खडखड, आणि मग एकदम शांत. पहाटे पडल्या पडल्या तोच आवाज ऐकला. ऐकला कुठला, आठवला! जैनुद्दीन डॉक्टरच्या स्कूटरचा. पेट्रोल वाचवायला गडी चावडीपाशीच इंजिन बंद करायचा आणि उतारानं स्कूटर तशीच सोडून द्यायचा. सैल झालेली नंबराची पाटी तेवढी वाजायची. दाराशी ती वाजायची थांबली की मी म्हणायचो — आला!

घट बसले की दरवर्षी यायचा. "आजारी कोणी नाही, कशाला आलास रे?" — "लाडू खायला, कविराज!" मुसलमान माणूस, पण आमच्या नवरात्राची तिथी त्याला माझ्याआधी ठाऊक. ओट्यावर बसायचा. "वहिनी, राजगिऱ्याचा लाडू आणा. पाणी पण." मी आपला आत पानसुपारीचा डबा शोधत असायचो. तोवर आमच्या मंडळींशी, बनुबाईशी, दोन शब्द बोलून स्वारी पुढच्या घरी. गोडघाशा!

गेल्या दिवाळीनंतर दवाखान्याला कुलूप लागलं. मुलगा वसीम त्याला सांगलीला घेऊन गेला.

काल घट बसले. ओटा रिकामाच. बनुबाईनं यंदा लाडू केले नाहीत. सकाळपासून कपाळाला पदर बांधून बसली आहे. "काय न्हाई वं, उपासानं डोकं धरलंय." या वयात नऊ दिवस नुसती भगर आणि दूध! ऐकते कोणाचं?

२४ सप्टेंबर

दुपारी घटाला पाणी घालताना तिला घेरी आली. भिंत धरली म्हणून वाचली. तांब्या गडगडत ओट्यापर्यंत आला. शेजारचा कोंडीबा धावला — जुना फौजी, आवाज अजून परेडचा. मी नुसता "बनू, बनू" करत उभा. तो मलाच ओरडला, "नाना, कविता म्हनायची येळ हाय व्हय ही? साताऱ्याला न्या उद्या!"

पूर्वी न्यायचं म्हणजे चार घरं ओलांडायची.

पुण्याहून संयोगिताचा फोन. "बाबा, मोठ्या दवाखान्यात दाखवा. हयगय करू नका." लेक बरोबरच बोलते. पण तिकडं आम्हाला ओळखतं कोण?

२५ सप्टेंबर, गुरुवार

सातारा. वडूजहून पहिली एस्टी. दवाखाना काचेचा, थंडगार. बनुबाई खुर्चीत अंग चोरून बसलेली, पाहुण्याच्या घरी बसावी तशी. आमचा नंबर लागेपर्यंत ऊन डोक्यावर आलं.

डॉक्टरीणबाई लहान वयाची, गोड बोलणारी. वाईट म्हणवत नाही. पण बाहेर माणसांचा समुद्र, ती तरी किती वेळ देणार! यंत्रानं प्रेशर मोजलं. वरचा आकडा एकशे नव्वद! ती बघतच राहिली.

"आजी, प्रेशरची गोळी चालू आहे ना?"

"हाय की. लय दिसांची हाय."

"नीट घेता ना?"

"सांगितलीया तशीच घेती."

मग जुन्या गोळीच्या जोडीला नवी लिहून दिली. खाली औषधाच्या दुकानात पोऱ्यानं पाकिटावर खुणा करून मोठ्यानं बजावलं, "दोन्ही जेवणानंतर हं आजी. रिकाम्या पोटी अजिबात नाही!" तिनं मान डोलावली.

जैनुद्दीन नाडी धरायचा तेव्हा आधी म्हशीची चौकशी करायचा. मग संयोगिताची. मग म्हणायचा, "वहिनी, झोप लागत नाही का?" — आणि ते खरंच असायचं! पैसे? "सुगी झाली की बघू." त्याच्याकडं पाच मिनिटं बसलं की अर्धं दुखणं तिथंच राहायचं.

२६ सप्टेंबर

डोकं तसंच. मी घरात पाय न वाजवता चालतोय.

२७ सप्टेंबर, शनिवार

राहवलं नाही. सांगलीला फोन लावला. वसीमनं उचलला. म्हटलं, अब्बांना दे जरा, एकच गोष्ट विचारायची आहे.

तो मग म्हणाला, "काका, अब्बांना आता माणसं ओळखू येत नाहीत. मी समोर गेलो की मलाच विचारतात, नंबर लागलाय का तुमचा?"

 "बरं, जप त्यांना," म्हणून ठेवला.

चाळीस वर्षं आमचं घर ज्याला पाठ होतं, तोच आम्हाला विसरला. आता बनुबाईचं अंग कोणाला पाठ आहे? मला? मला तर तिला कोणती गोळी चालू आहे तेही सांगता येत नाही! चौथीच्या पुस्तकात पाणपोईची एक कविता होती. काळजी वाटली की मी ती म्हणतो. पहिल्या कडव्यात वाटसरू येतो, दुसऱ्यात पाणी पितो. आज तिसरं काही केल्या आठवेना.

२८ सप्टेंबर

देवळापुढच्या दुकानातून राजगिऱ्याचे लाडू आणले. वाटलं, घरात सणासारखं वाटेल. बनुबाईनं पाकीट फडताळात ठेवून दिलं. "डॉक्टर न्हाईत, आन् लाडू कशाला?"

बरोबर आहे.

२९ सप्टेंबर, सोमवार

पुन्हा सातारा. आज डॉक्टर वेगळे. सगळं पहिल्यापासून सांगितलं — मीच. सांगताना तारखा चुकल्या.

प्रेशर उतरलं नाही. उलट चढलं! "दोन-दोन गोळ्या चालू असताना?" डॉक्टरांचा चेहरा बदलला. किडनीकडं जाणारी नळी तपासावी लागेल म्हणाले. आजच राहा म्हणाले. बनुबाईनं हात जोडले, "घट उठूद्या माजं. मग म्हनाल तितं निजते." शेवटी शुक्रवार ठरला. तोवर तिसरी गोळी, जोरदार. जास्त झालं तर लगेच या म्हणाले.

एस्टीत ती खिडकीशी बसली होती.  मग बाहेर बघतच म्हणाली, "दसऱ्याच्या पोळ्या करूनच जानार मी. आन् माजी हिरवी इरकल संयोगिताला द्या."

"असलं काय बोलतेस?"

"इरकल द्या म्हनलं. मरते कुटं म्हनलं?"

मागच्या बाकावरची बाई हसली. मी हसलो नाही.

३० सप्टेंबर

आज अष्टमी. तिनं मला चहा-साखरेचे डबे कुठं असतात ते दाखवलं. मी बघितलंच नाही.

१ ऑक्टोबर, बुधवार

बनुबाई उद्यासाठी हरभऱ्याची डाळ निवडत होती. दाराशी गाडी थांबली. खडखड नाही, काही नाही. बघतो तर वसीम, आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून जैनुद्दीन! वाळलेला. टोपी तिरकी.

"काका, कुठंतरी घटाची गाणी ऐकली, तेव्हापासून एकच धोशा — वडूजला चला, वडूजला चला. जेवेनात. शेवटी आणलं."

डॉक्टरनं माझ्याकडं पाहिलं. "नंबर लागलाय का तुमचा?" पण ओट्यावर बसला तो नेमका आपल्या जागेवर.

"वहिनी, लाडू आणा. पाणी आणा. आणि गोळ्या."

तिनं सगळं आणलं. गोळ्यांची पाकिटं मी उलटसुलट करून बघितली. एकही फोडलेलं नव्हतं!

"जेवनानंतर घ्या म्हनलं हुतं न्हवं?" बनुबाई म्हणाली. "नऊ दिस मी जेवले कुटं? उद्या पोळी खाऊन तिन्ही घेनारच हुते की! डॉक्टर असले की लाडवावर गोळी चालती म्हनायचे. औंदा इचारायचं कुनाला?"

तिन्ही! एकदम!

वसीमनं तिथूनच साताऱ्याला फोन लावला. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, आज फक्त जुनी गोळी द्या, बाकीच्या बंद. उद्या सकाळी प्रेशर मोजून कळवा, मग शुक्रवारचं ठरवू.

बनुबाईनं लाडू खाल्ला, गोळी गिळली. ती पाणी पिऊन होईपर्यंत जैनुद्दीन एकटक बघत होता. तो लाडू, ते पाणी तिच्यासाठी असायचं तर! दुसरा लाडू मी त्याच्यापुढं केला.

त्यानं तो खिशात टाकला आणि उठला. "चल बेटा. पुढच्या घरची आजी पण उपाशी असेल."

वसीम त्याच्यामागं धावला. मीही.